झूल घालायला सगळे, काढायला कोणी नाही

ग्वाल्हेरात थंडी पडली रे पडली की आमच्या तबेल्याजवळून जाणारा प्रत्येक माणूस घोड्यांचा डॉक्टर होतो. मॉर्निंग वॉकवाले काका, दूधवाला, चारा टाकायला येणारा टेम्पोवाला, आणि आमची आत्या जिने आयुष्यात घोडा फक्त वरातीत बघितलाय, सगळ्यांचं एकच, "अगं घोडी कुडकुडतेय, घाल की काहीतरी तिच्यावर." नाही कुडकुडत हो ती! कुडकुडताय तुम्ही. मफलर, कानटोपी, दोन स्वेटर चढवून उभे आहात आणि आपल्या थंडीचं माप घोडीला लावताय.

चांगला खातापिता, तरणा घोडा साधारण 5 ते 25 डिग्रीत आरामात असतो, त्याला अंग गरम ठेवायला जास्तीचं काही करावं लागत नाही, आणि हिवाळी केस नीट आले असले तर त्याच्याही खाली बराच तग धरतो. दिवस लहान व्हायला लागले की थंडी पडायच्या आधीच ते केस यायला सुरुवात होते. गारठा वाढला की ते उभे राहतात, मधे हवा अडकते, झाली रजाई तयार, फुकटात. आणि त्याच्यावर तुम्ही दया म्हणून एक पातळ चादर टाकता, केस चपटे होतात, अडकलेली हवा जाते, चादरीत स्वतःची ऊब काही नसते, म्हणजे होतं तेही गेलं. पण हे सांगायला गेलं की "तू फार शिकलीस" असं तोंड करून बघतात.

आता कोणीतरी म्हणेल मग झूल, म्हणजे घोड्याचं पांघरूण, घालूच नये का. घालावी ना! म्हाताऱ्या घोड्याला घाला, रोडावलेल्याला घाला, क्लिपिंग करून केस काढलेत त्याला तर घालावीच लागते, आजारातून उठलाय त्याला घाला. आणि मावठ्यात भिजला, वर वारा सुटलाय, तर कोणालाही लागते कारण ओले केस उभेच राहत नाहीत, सगळी रजाई पाण्यात. आमची घोडी मैना मारवाडी जातीची आहे, अंगाने बारीक, केस तलम, तिला पहाटे लागते हे मलाही कळतं. प्रश्न लागते की नाही हा नाहीये, कुठली, किती वेळ आणि काढणार कोण हा आहे, आणि तिथेच सगळ्यांची दातखीळ बसते.

कुठली म्हणाल तर दुकानदारांनी तर वेड लावायचं बाकी ठेवलंय. मी विचारते भरण किती ग्रॅमचं आहे, तो सांगतो "मॅडम ये 1200 वाला है, बहुत गरम है." अरे बाबा 1200 हे डेनियर आहे, वरच्या कापडाच्या धाग्याची जाडी, म्हणजे खिळ्याला अडकून किंवा शेजारच्या घोड्याने दातात धरून ओढलं तर किती टिकेल त्याचा हिशोब, उबेशी त्याचा काय संबंध? ऊब आतल्या भरणाची, ती एका चौरस मीटरला किती ग्रॅम यावर सांगतात, 0, 50, 100, 200, 300, 400 असं. 0 म्हणजे नुसतं कापड, वारा पाऊस अडवायला. हे सांगितलं तर माणूस मलाच समजावतो की "सब एक ही बात है." एक ही बात असती तर दोन नंबर कशाला छापलेत त्या लेबलवर?

बरं ते ग्रॅमसुद्धा फक्त भरणाचं वजन, थर्मामीटर नाही. आतलं अस्तर कसलंय, कापडातून घाम बाहेर जातो की नाही, मानेवर येते की नाही, यावर सगळं बदलतं. एकाने तर ताडपत्रीचंच कापड शिवून वॉटरप्रूफ म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला. पाणी आत जाणार नाही हे खरं, पण घामही बाहेर जाणार नाही, सकाळी घोडी आतून भिजलेली. साइजचं तर विचारूच नका. छातीच्या मधोमधपासून मांडीच्या मागच्या टोकापर्यंत माप घ्यायचं असतं, "फुल साइज दे देता हूं" याने आमच्या शिडशिडीत घोडीच्या खांद्यावरचे केस घासून जातात.

मग लोक म्हणतात इंटरनेटवर चार्ट बघ. बघितले! एवढी डिग्री तर एवढे ग्रॅम, आणि सगळे विलायतेतले. तिकडे हिवाळ्यात दिवसा 8 आणि रात्री 3, आभाळ भरलेलं, चिखल, रिपरिप पाऊस, म्हणजे घातली झूल की संध्याकाळपर्यंत बघायला नको. आमच्याकडे जानेवारीत पहाटे 5 आणि स्वच्छ ऊन पडलं की दुपारी 22! त्या चार्टमधला कुठला रकाना लावू मी? पहाटेचा लावला तर दुपारी घोडी उकडते, दुपारचा लावला तर पहाटे उघडी.

आणि इथे खरा संताप आहे. रात्री झूल चढवायला तबेल्यात चारचार हात पुढे येतात, पुण्य मिळतं ना. सकाळी नऊ दहाला ऊन वर आलं की काढायला कोणी नाही. मी ऑफिसात, शहरातल्या लश्कर भागात, फोन करते, साईस, म्हणजे घोडी सांभाळणारा माणूस, म्हणतो "दीदी, अभी ठंड है." अरे तुला आहे, तू सावलीत चहा पितोयस! ती उन्हात बांधलीये, अंगावर 200 ग्रॅम, खाली घाम, आणि घोड्याला स्वेटर स्वतः काढता येत नाही. संध्याकाळी मी पोचते तर झुलीखाली केस चिकटलेले, तो घाम सुकायच्या आत परत गारठा सुरू. म्हणजे थंडीपासून वाचवायला जी घातली तिनेच रात्री थंडी भरायची. मग "देखो दीदी, कांप रही है, और एक डाल दें?" डोकं फिरतं माझं.

तपासायला काही मशीन लागत नाही. झुलीखाली हात घाला, खांद्याच्या मागे, छातीवर. कोरडं आणि कोमट, ठीक. ओलसर, काढा. गार आणि अंग आक्रसलेलं, थरथर, तर वाढवा. पण नाही, सगळे कान धरून बघतात! नुसत्या कानावरून काय कळणार? आणि दिवसातून एकदा पूर्ण काढून खरारा करायचा, घासलंय का ते बघायचं, हेही सांगावं लागतं. धुक्याचे दिवस येतात, चार चार दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा दुपारीही राहू दे अंगावर, मी कुठे नाही म्हणते? पण म्हणजे रोज आभाळाकडे बघून ठरवायला हवं आणि तेवढं बघायचाच सगळ्यांना कंटाळा.

2016 मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला, 23 घोड्यांना पाटीवरची चिन्हं शिकवली, एक म्हणजे घाला, एक म्हणजे काढा, एक म्हणजे आहे तसंच राहू दे. घोडे शिकले आणि हवा बघून नीट सांगायला लागले, ऊन असलं की काढा, पाऊस वारा असला की घाला. घोड्याला कळतं! इथे दोन पायांच्या माणसांना कळेना.

खाण्याचं तर अजून निराळं. "थंडी आहे, थोडी रम पाज." "गूळ वाढव." "चणे वाढव." अहो घोड्याची शेगडी त्याच्या मोठ्या आतड्यात आहे, चाऱ्यातला तंतू तिथे आंबतो आणि तासन् तास ऊब देत राहतो, म्हणून रात्री सुकं गवत पोटभर टाका, नुसता सकाळचा हिरवा बरसीम पुरत नाही. पण रात्रीच्या गवताचे पैसे वाढतात म्हटलं की सगळ्यांची दया संपते, झूल मात्र एकावर एक दोन चढवायला तयार. पाणी बर्फासारखं असलं की घोडी कमी पिते, त्यावर सुका चारा अडकून पोटशूळ व्हायची भीती, तर बादलीत थोडं गरम पाणी घाला म्हणते मी, त्यालाही "इतना कौन करेगा."

वरून आमच्या मामेभावाने लंडनहून येताना प्रेमाने एक झूल आणली, 400 ग्रॅम, मानेसकट! सामानाचे जास्तीचे पैसे भरून! ग्वाल्हेरात ती घातली तर घोडी दुपारपर्यंत शिजेल. आत्याला मात्र भयंकर आवडलीये, रोज विचारते का नाही घालत, एवढी महागाची. तर कोणी लेह मनालीकडे घोडा ठेवत असेल तर घेऊन जा बाई, फुकट देते. फक्त दुपारी काढणारा माणूस आहे का ते आधी सांगा.