प्रॉम्प्टमधून चित्र मिळतं, छपाईची फाइल नाही

"एआयने दहा मिनिटांत पोस्टर करून दिलं, आता डिझायनर कशाला?" असं हल्ली सर्रास ऐकू येतं. तेच पोस्टर छापायला घ्या, म्हणजे काम कुठे शिल्लक आहे ते कळेल.

प्रॉम्प्ट म्हणजे एआयला दिलेली लेखी सूचना. त्यातून बऱ्याच एआय मॉडेलांकडून मिळणारं मूळ चित्र १०२४ × १०२४ पिक्सेलचं असतं. ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून) छापलं तर एक बाजू जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरते. ए४ला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून २५५१ × ३५७९ पिक्सेल लागतात. म्हणजे साडेतीन पट मोठं करणं आलं, आणि चित्र मोठं करणारा अपस्केलर मधले पिक्सेल अंदाजाने भरतो. मग मागच्या रांगेतले चेहरे वितळतात, कापडाची वीण मध्येच भलतीकडे वळते. हे मोबाइलवर दिसत नाही. १०० टक्के झूम करून पूर्ण पान तपासावं लागतं.

पुढे रंग. चित्र येतं आरजीबीत (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा), छापायचं असतं सीएमवायकेत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी या चार शाया). स्क्रीनवरचा झळझळीत निळा किंवा निऑन हिरवा चार शायांत उतरतच नाही, मळकट होतो. चित्रातली काळी अक्षरंही चारही शायांची होतात. रजिस्ट्रेशन, म्हणजे शाया एकमेकींवर नेमक्या बसणं, केसभर हललं की बारीक अक्षरांना रंगीत कड येते. म्हणून मजकूर एआयकडून चित्रात घेऊच नका. प्रॉम्प्टमध्येच मोकळी जागा मागा, आणि मजकूर नंतर पानाच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त काळ्या शाईत टाका. देवनागरीत तर बऱ्याचदा जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो.

सगळ्यात मोठा घोळ लोगोत. मिळतो तो पिक्सेलचा, हवा असतो रेषांचा (व्हेक्टर). ऑटो ट्रेस केलं, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप रेषा काढून घेतल्या, की ४ अँकर पॉइंटमध्ये (रेषेला आकार देणाऱ्या बिंदूंमध्ये) बसणाऱ्या वर्तुळाला डझनावारी पॉइंट पडतात आणि कड लहरते. फेविकॉनच्या (ब्राउझरच्या टॅबवरच्या चिन्हाच्या) १६ पिक्सेलमध्ये त्याचा नुसता गोळा होतो. शेवटी पेन टूल घेऊन तो नव्याने काढावाच लागतो. शिवाय हक्काचा प्रश्न आहेच: अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका कॉमिकमधल्या, मिडजर्नी या एआय साधनाने केलेल्या चित्रांना संरक्षण नाकारलं, आणि जानेवारी २०२५ च्या अहवालात कॉपीराइटसाठी निव्वळ प्रॉम्प्ट पुरेसा नाही असं म्हटलं. क्लायंटला हे आधीच लेखी कळवा.

मूडबोर्ड (कामाचा बाज दाखवणारा चित्रांचा फलक), कच्च्या वीस दिशा, फोटोची पार्श्वभूमी वाढवणं, यासाठी ही साधनं जरूर वापरावीत. वेळ खरोखर वाचतो.

काळजी वाटते ती नवशिक्यांची. मास्किंग (फोटोतली वस्तू पार्श्वभूमीपासून वेगळी करणं), एका बॅनरचे दहा साइझ, असली कंटाळवाणी कामं आता त्यांच्याकडे येणार नाहीत, आणि नजर तर त्यातच तयार व्हायची. स्टुडिओवाल्यांनी त्यांना एआयची फाइल छपाईपर्यंत न्यायला बसवावं. चुका शोधताना तीच नजर येते.

आणि "चित्र तयार आहे, फक्त फिनिशिंग करायचंय" असं म्हणत येणाऱ्या कामाला अर्धा दर लावू नका. मूळ फाइल मागवा, पिक्सेल मोजा, लेयर (चित्राचे सुटे थर) आहेत का बघा, मगच आकडा सांगा.