चीता आणि एटीआर: हसून झालं असेल तर वाचा

आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर परवा रात्री साडेअकराला एकाने प्रश्न टाकला. आवडतं विमान सांगा, एक लष्करी, एक प्रवासी. सकाळचा चहा होईपर्यंत त्रेसष्ट मेसेज. राफेल, राफेल, एफ-२२, राफेल, सुखोई. एका भाबड्याने 'पुष्पक' लिहिलं, त्यालाही चार अंगठे मिळाले. प्रवासीमध्ये जम्बो, ए-३८०, आणि दोघांचं काँकॉर्ड. त्या दोघांनी काँकॉर्ड फक्त कॅलेंडरवर पाहिलंय, हे मला माहीत आहे, कारण ते कॅलेंडर आमच्या घरचं होतं.

मी लिहिलं, "चीता. आणि एटीआर ७२." एटीआर म्हणजे ते पंख्यांचं छोटं प्रवासी विमान.

मग ते हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारे पिवळे चेहरे आले. एक म्हणाला, "चीता हेलिकॉप्टर आहे गं, प्रश्न नीट वाच." दुसरा म्हणाला, "एटीआर म्हणजे आकाशातली लालपरी." पहिल्याला माफ केलं. दुसऱ्याचं बरोबर आहे आणि माझं म्हणणं तेच आहे. पण ग्रुपवर एवढं टाइप केलं तर ॲडमिन हाकलून देईल, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही सगळे ओझर मिगचे. नाशिकबाहेरच्यांना ही भानगड समजावून सांगावी लागते. मुंबई-आग्रा हायवेला नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर ओझर. तिथे १९६४ साली मिग लढाऊ विमानांसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा कारखाना निघाला, शेजारी टाउनशिप वसली. कारखान्याचं नाव लांबलचक, म्हणून लोकांनी विमानाचंच नाव जागेला चिकटवून टाकलं. "कुठलं तिकीट?" "ओझर मिग." माणसं कारखान्यात नाही, 'मिगमध्ये' कामाला असायची. तिथे मिग-२१ बनायचं थांबून जमाना झाला, आता तर ते हवाई दलातूनही गेलं, पण कंडक्टरच्या तोंडी मिग आहे ते आहेच.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, १९७४ ला तिथे फिटर म्हणून लागले आणि २००८ ला निवृत्त झाले. मिग-२१ चे वेगवेगळे अवतार, मिग-२७, मग जुन्या मिग-२१ चं 'बायसन', म्हणजे सुधारलेलं मिग-२१, करायचं काम, आणि शेवटची काही वर्षं सुखोई. त्यांच्या शॉपमध्ये हत्यारं मोजून घ्यायची आणि मोजून परत द्यायची. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगाने आखलेली, पाना नसला की रिकामी आकृती लांबून डोळ्यात भरते. कॉकपिटमध्ये विसरलेला एक स्क्रू ड्रायव्हर, विमान हवेत उलटं झालं की कुठेही जाऊन अडकू शकतो. ही सवय अण्णांनी घरी आणली. कपाटाच्या दाराला आतून पांढऱ्या ऑइलपेंटने पक्कड, हातोडी, कानस आणि आईची विळी यांच्या आकृत्या काढल्या. विळीची आकृती आईने आठ दिवसांत खरवडून टाकली. बाकीच्या अजून आहेत.

अशा माणसाला विमान कसं आहे विचारलं तर तो वेग सांगत नाही. अण्णांचा प्रश्न एकच: "हात जातो का आत?" म्हणजे पॅनेल उघडल्यावर नट फिरवायला हात आत शिरतो की नाही. मिग-२१ मध्ये त्यांचा हात जायचा नाही. अरुंद नळकांडं, त्यात भलंमोठं इंजिन, उरलेल्या फटीत बाकीचा सगळा संसार. उजव्या मनगटावर त्यांच्या ओरखड्यांची कायमची पट्टी होती. "डाव्या हातात घड्याळ आणि उजव्या हातात मिग," असं म्हणायचे. सुखोईवर मात्र जीव, कारण त्यात हात कोपरापर्यंत जातो.

मिग-२१ बद्दल इथेच बोलून घेते. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला तेव्हा फेसबुकवर दोन जत्रा भरल्या होत्या. एका जत्रेत अश्रू, दुसऱ्या जत्रेत 'उडती शवपेटी'. मला दोन्हींचा कंटाळा आला. १९६३ ला ते आपल्याकडे आलं ते वेगाने उंच जाऊन शत्रूचं विमान अडवण्यासाठी. आपण त्याच्याकडून जमिनीवरचे हल्लेही करून घेतले (१४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं सोडली ती मिग-२१ नीच), आणि पुढे नवशिक्यांची शाळाही त्याच्याच गळ्यात बांधली. किरणसारख्या शांत ट्रेनरवर शिकलेला पोरगा एकदम अशा विमानात, जे ताशी तीनशे किलोमीटरच्या वरच्या वेगाने धावपट्टीला टेकतं. मधली पायरी म्हणजे हॉक विमान. ते हवाई दलात दाखल व्हायला २००८ उजाडलं. म्हणजे अण्णांच्या निवृत्तीचं वर्ष. पायरी नसलेल्या जिन्यावरून माणसं पडली तर दोष विटांना द्यायचा की जिना बांधणाऱ्याला, एवढंच मला त्या दुसऱ्या जत्रेला विचारायचं होतं. अश्रूवाल्यांना काही विचारायचं नव्हतं, त्यांच्यातल्या निम्म्यांनी फोटो मिराजचा, म्हणजे भलत्याच विमानाचा टाकला होता.

बरं, मग सुखोई का नाही? ओझरची पोरगी, आणि सुखोई नाही?

सुखोई आवडणं म्हणजे सचिन आवडणं. त्यात माझं कर्तृत्व काय? लांबी जवळपास २२ मीटर, म्हणजे दोन लालपऱ्या एकामागे एक. पूर्ण भरलं की ३८ टनांच्या वर. इंजिनांची मागची दोन्ही तोंडं, म्हणजे नोझल, वळतात, त्यामुळे एवढं धूड हवेत जवळजवळ जागच्या जागी गर्रकन फिरतं. जून २०१६ मध्ये अडीच टनांचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र पोटाला बांधून ते पहिल्यांदा उडालं तेही आमच्या ओझरच्याच धावपट्टीवरून. आफ्टरबर्नर लावून, म्हणजे मागे जादा इंधन पेटवून, वर जातं तेव्हा स्वयंपाकघरातल्या मांडणीतली ताटं किणकिणतात. लहानपणी मिग गेलं की आमच्या बाई फळ्याकडे तोंड करून खडू धरून थांबायच्या, आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे. बाहेरगावचे पाहुणे दचकायचे आणि आम्ही त्यांच्याकडे बघून हसायचो.

पण ओझरच्याच निफाड तालुक्यात जाऊन विचारा सुखोई आवडतं का. २०१८ च्या जूनमध्ये पिंपळगावजवळ एक पडलं. ४ जून २०२४ ला शिरसगावात दुसरं, ऐन लोकसभेच्या निकालाच्या दिवशी. दोन्ही वेळा पायलट सुखरूप बाहेर पडले, आणि दोन्ही वेळा विमान कुणाच्या तरी शेतात होतं. द्राक्षाच्या बागेत उभं राहून आकाशाकडे बघणाऱ्याच्या मनात फक्त अभिमान असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी बाग लावलेली नाही.

आता चीता.

मी गेली अठरा वर्षं नाशिकच्या उपनगर नावाच्या भागात राहते. गांधीनगरच्या धावपट्टीवर आर्मी एव्हिएशनच्या पायलटांची शाळा आहे, तिथली हेलिकॉप्टरं आमच्या गच्चीवरून दिसतात. चेतक, चीता, ध्रुव. मी कुरडया वाळत घालताना मान वर न करता आवाजावरून ओळखते. ध्रुव भरदार धपधपतं, चीताच्या आवाजात वर एक चिरकी शिट्टी असते. दिसायला म्हणाल तर अगदीच किडकिडीत. पुढे काचेचा फुगा, मध्ये उघडं इंजिन, मागे पाइपांचा नुसता सांगाडा. शेपटीतून पलीकडचं आकाश दिसतं. द्राक्षाच्या मांडवाचे अँगल उरले होते त्यातून कुणीतरी वेल्डिंग करून आणलंय असं वाटतं.

पण हे यंत्र जन्मालाच आपल्यामुळे आलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी आपल्या सैन्याला उंच, विरळ हवेत चालणारं हेलिकॉप्टर हवं होतं. फ्रेंचांनी काय केलं, त्यांच्याकडच्या छोट्या अलूएट-२ चा हलका सांगाडा घेतला आणि त्यावर मोठ्या अलूएट-३ चं इंजिन आणि पंखा बसवला. मारुती ८०० ला ट्रकचं इंजिन, असं समजा. आणि ते ८७० अश्वशक्तीचं इंजिन मुद्दाम ५५० वर बांधून ठेवलं. वर हवा विरळ झाली की प्रत्येक इंजिनाची ताकद घटते. याची घटते ती आधी न वापरलेल्या शिलकीतून. आमची आजी पगार झाला की पहिल्यांदा डब्यात काही टाकायची आणि मग महिन्याचा हिशोब मांडायची, तोच हा प्रकार. १९७२ साली जाँ बूले नावाच्या फ्रेंच पायलटने हे हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं. म्हणजे ४० हजार फुटांच्याही वर, जिथे जेट विमानं जातात तिथे. वर गेल्यावर इंजिन विझलं. मग नुसत्या वाऱ्याने फिरणाऱ्या पंख्यावर त्याने ते खालपर्यंत आणलं आणि उतरवलं.

फ्रेंच लोक त्याला लामा म्हणतात, आपण एचएएलमध्ये बनवायला घेतलं आणि चीता म्हटलं. सियाचेनमध्ये १९८४ पासून आपली माणसं बसली आहेत. वीस हजार फुटांच्या आसपासच्या ठाण्यांवर रॉकेलचे एखाद-दोन कॅन, टपाल, औषधं पोचवायची आणि हिमदंश झालेला जवान खाली आणायचा, हे काम या किडकिडीत यंत्राने केलं. तिथे उतरणं म्हणजे स्किड, म्हणजे चाकांऐवजी असलेले दांडे, बर्फाला टेकवायचे, पंखा चालूच ठेवायचा आणि लगेच निघायचं. राफेलवाल्यांनो, राफेल उत्तम आहे, पण ते तिथे उतरू शकत नाही.

जीव आहे म्हणून ते ठेवाच असं मात्र मी म्हणणार नाही. एकच इंजिन, जुनाट उपकरणं. बदली हेलिकॉप्टर कधीच यायला हवं होतं. त्यासाठी कर्नाटकात तुमकुरूला एचएएलचा कारखाना २०२३ ला सुरू झाला. गच्चीवरून ती शिट्टी ऐकू येणं बंद होईल त्या दिवशी मला चुकचुकल्यासारखं होईल, पण कुणाच्या तरी घरी त्या दिवसापासून नीट झोप लागेल.

मध्येच एक सांगते, कारण राहवत नाही. जानोरीच्या बाजूने ओझरच्या कारखान्याच्या भिंतीपाशी गाडी लावून विमानांचे रील काढणाऱ्या पोरांनो, तो संरक्षण खात्याचा परिसर आहे. आम्ही तिथे वाढलो, अण्णांचा एकही फोटो विमानासोबत नाही. चौतीस वर्षांत एकही नाही. तुमचं काय अडलंय?

राहिलं एटीआर. जम्बो राजेशाही आहे, मान्य. ए-३८० भव्य आहे, पण मला ते फुगलेलं वाटतं. काँकॉर्डवर बोलत नाही, कॅलेंडरचा विषय निघेल. एटीआर ७२ सत्तरेक माणसं घेऊन ताशी पाचशेच्या आसपास जातं, जेटच्या मानाने सावकाश आणि कमी उंचीवरून. पंख वर, खिडक्या खाली, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. चढायचं मागच्या दाराने, कारण पुढे सामानाची जागा. जमिनीवर उभं असताना वीज आणि थंड हवा द्यायला याच्याकडे वेगळं छोटं इंजिन नसतं, मग उजव्या पंखाचं इंजिन चालूच ठेवतात आणि पंख्याला तेवढा ब्रेक लावतात. याला 'हॉटेल मोड' म्हणतात. असा जुगाड मी फक्त आमच्या गिरणीवाल्याकडे पाहिला होता.

ओझरला प्रवासी टर्मिनल झालं, विमानं सुरू झाली, तेव्हा मी अण्णा-आईला घेऊन अहमदाबादला गेले. ज्या धावपट्टीच्या कडेला अण्णांनी आयुष्य काढलं तिच्यावरून ते पहिल्यांदा उडत होते. मला वाटलं डोळ्यांत पाणीबिणी येईल. अण्णांनी शिडी चढताना दाराशेजारच्या पत्र्यावर बोटाचं पेर टकटक वाजवलं, मान हलवली आणि आत गेले. खिडकीतून पूर्ण वेळ रिव्हेटच्या ओळी बघत होते. थोड्या वेळाने खाली वणीचा गड दिसला. आईने हात जोडले आणि लगेच माझ्या कानात कुजबुजली, "देवी खाली आणि आपण वर, बरं नाही दिसत." उतरताना खिडकीतून चाक बाहेर येताना दिसलं, तेव्हा अण्णा पहिल्यांदा बोलले. "बघ, सगळं समोर आहे. लपवाछपवी नाही."

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरमध्ये जोडलेलं पहिलं तेजस मार्क १ए लढाऊ विमान उडालं. संरक्षणमंत्री आले होते, टीव्हीवर सगळं दाखवत होते. अण्णांनी आवाज मोठा करून पाहिलं. संध्याकाळी शेजारचा पोरगा आला, आयटीआय करून अप्रेंटिस लागलाय, पेढे घेऊन आला होता. अण्णांनी पेढा हातात तसाच धरून ठेवला.

"हात जातो का रे आत?"

"माझा जातो आजोबा," तो म्हणाला. "तुमचा नाही जाणार."

अण्णांनी दोन्ही हात पुढे करून एकदा त्याचा आणि एकदा स्वतःचा पंजा पाहिला आणि पेढा खाल्ला.