उपकरण कोणाच्या हातात असते?

खानदेशातील एका महाविद्यालयाच्या पदव्युत्तर रसायनशास्त्र विभागात मी बरीच वर्षे शिकवत आहे. दोन वर्षांपूर्वी एका प्रात्यक्षिकाच्या वेळी मी काही न बोलता मागे उभा राहून नुसते पाहत होतो. कलरिमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते हे मोजणारी उपकरणे, कमी असल्याने चार-चार जणांचे गट केले होते. जवळपास प्रत्येक गटात उपकरण हाताळणारा मुलगा शहरातला आणि बऱ्यापैकी इंग्रजी बोलणारा होता. रीडिंग वहीत उतरवण्याचे काम, अक्षर चांगले म्हणून, मुलीकडे होते. आणि सातपुड्यातल्या धडगावकडून आलेला पावरा या आदिवासी समाजातला मुलगा काचसामान विसळत होता. ही वाटणी कोणी ठरवून केली नव्हती. मीही इतकी वर्षे तेच पाहत होतो आणि गटाचे काम सुरळीत चालले आहे, असे समजत होतो.

त्या मुलाला नंतर विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, फुटलं तर भरावं लागतं." अनामत रकमेतून पैसे कापले जातील, या भीतीने त्याने पूर्ण सत्रभर क्युव्हेटला, म्हणजे द्रावण भरून उपकरणात ठेवायच्या छोट्या पारदर्शक पात्राला, हात लावला नव्हता. हे ऐकून मला स्वतःची लाज वाटली.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला आणि नंतर अटी घालून दिला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. आज आमच्याकडे प्रवेश गुणवत्ता यादीने आणि आरक्षणाने मिळतो, कोणी अट घालत नाही. मात्र आत आल्यावर न बोललेल्या अटी किती असतात, हे त्या तासाला मला दिसले.

आम्ही पहिला बदल केला तो साधा होता. गटातली कामे दर आठवड्याला फिरतात आणि कोणाकडे काय आहे, याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. पहिल्या सत्रात काही फुटल्यास भरपाई घ्यायची नाही, असेही ठरवले. सुरुवातीला काचसामान थोडे अधिक फुटले, हे खरे आहे, आणि ते फुटू देणे मला योग्यच वाटते.

तोंडी परीक्षेतल्या भाषेचा प्रश्न अधिक अवघड ठरला. विद्यार्थ्याला अहिराणीत, लेवा गणबोलीत किंवा साध्या मराठीत उत्तर देऊ द्यावे, असे मी सुचवले, तेव्हा दर्जा घसरेल, अशी काळजी काही सहकाऱ्यांनी मनापासून व्यक्त केली. बीअर-लँबर्टच्या नियमाप्रमाणे द्रावणाच्या तीव्रतेच्या प्रमाणात प्रकाशाचे शोषण वाढते आणि आलेखात सरळ रेषा येते; तीव्रता फार वाढली की ती रेषा का वाकते, हे ज्याला समजले आहे, तो ते अहिराणीतही सांगू शकतो. ज्याला समजलेले नाही, तो पाठ केलेले इंग्रजी वाक्य म्हणून दाखवतो, आणि आपण त्यालाच अधिक गुण देत आलो आहोत. पावरी किंवा भिली या आदिवासी बोली समजणारा शिक्षक मात्र आमच्याकडे एकही नाही. ही उणीव आमची आहे.

होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार, म्हणजे सणाचे बाजार, भरतात. त्याच दिवसांत अंतर्गत परीक्षा ठेवून मग 'ही मुले गैरहजर राहतात' असे म्हणणे अन्यायाचे आहे. संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने गावी जाणाऱ्या मुलींनाही प्रयोग अर्धवट सोडून निघावे लागते. म्हणून त्यांची बॅच आता सकाळी घेतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असणे बंधनकारक केले. तक्रारींची नोंदवही कोरी आहे, हे समाधानाने सांगितलेले मी बैठकीत ऐकले आहे. 'कोणत्या कॅटेगरीतून आलास?' हा प्रश्न ज्या वरिष्ठाने विचारला, त्याच्याच हातात प्रकल्पाचे गुण असतील, तर विद्यार्थी त्या वहीत कसा लिहील?

एक काम आम्हाला अजून जमलेले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या. यंदा आमच्या वर्गात कुबडी घेऊन चालणारा एक विद्यार्थी आहे. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर असून तेथील ओटे उभ्याने काम करण्याच्या उंचीचे आहेत. खाली एका खोलीत बसून काम करता येईल असा ओटा, नळ आणि एक कलरिमीटर मिळावा, असे पत्र आम्ही गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा दिले आहे. तोवर त्याच्या गटाचे उपकरण खाली आणतो आणि त्या दिवशी सगळा गट त्याच्याबरोबर खालीच प्रयोग करतो.