डबेवाल्यांच्या यशाचं श्रेय नुसत्या निष्ठेला देऊ नका

मुंबईच्या डबेवाल्यांबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. ‘फोर्ब्सचं सिक्स सिग्मा, 1 कोटी 60 लाख डब्यांत एक चूक. शिक्षण नाही, तंत्रज्ञान नाही, सुट्टी नाही, फक्त निष्ठा. मग तुमच्या टीमला का जमत नाही?’ या शेवटच्या प्रश्नाचा मला राग येतो, कारण तो विचारून पगारी माणसांना निष्ठेचे डोस पाजले जातात.

आधी सिक्स सिग्मा, म्हणजे जवळजवळ बिनचूक कामाचा मानदंड. 1998 साली फोर्ब्स या अमेरिकी मासिकात सुब्रत चक्रवर्ती यांचा लेख आला. चूक फार तर दोन महिन्यांत एखादी होते, असं डबेवाल्यांच्या संघटनेकडून त्यांना सांगण्यात आलं आणि त्यावरून त्यांनी 1 कोटी 60 लाखांत एक चूक असा हिशोब मांडला. प्रत्यक्ष डबे तपासून काढलेला तो आकडा नव्हे. फोर्ब्सने असं प्रमाणपत्र दिलेलं नाही, हे चक्रवर्तींनीच पुढे स्पष्ट केलं.

‘तंत्रज्ञान नाही’ म्हणणाऱ्यांना लोकल दिसत नाही का? डब्याच्या झाकणावरची खूण दिसत नाही का? कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे सगळं त्या दोन-चार अक्षरांत असतं.

आता निष्ठा. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची ही माणसं, बरीचशी वारकरी. एकमेकांच्या ओळखीतली, नात्यातली. हा जिव्हाळा खराच आहे. पण त्याला आधार कसला आहे, ते मजकुरात येत नाही. 2020 आधी पाच हजारांच्या आसपास असलेली ही माणसं छोट्या-छोट्या गटांत विभागलेली. गटाचा मुकादम त्यांच्यातलाच, स्वतः डबे उचललेला. गटाची कमाई खर्च वजा जाता वाटून घ्यायची. नव्या माणसाने आधी उमेदवारी करायची, मग पैसे भरून हिस्सेदार व्हायचं. गटात दोन-तीन माणसं जादा ठेवलेली असतात, म्हणून कुणी आजारी पडला तरी त्याची लाइन अडत नाही. जादा माणूस म्हणजे फुकटचा खर्च मानणाऱ्या कंपनीने हे उदाहरण कोणत्या तोंडाने द्यावं?

मार्च 2020 मध्ये लोकल थांबली, कचेऱ्या बंद झाल्या आणि डबेही थांबले. माणसं तीच, श्रद्धा तीच, शिस्तही तीच होती. अनेकांना गावी परतून शेतीवर नाहीतर मिळेल त्या मजुरीवर दिवस काढावे लागले. यश नुसत्या वृत्तीवर उभं असतं, तर या लोकांवर ती वेळ आलीच नसती. घरून काम करण्याची पद्धत रुळली, आणि लोकल सुरू झाल्यावरही सगळी गिऱ्हाइकं परत आली नाहीत.

राहिली सुट्टी. 19 ऑगस्ट 2011 ला अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून त्यांनी काम बंद ठेवलं होतं. आणि गावच्या जत्रांसाठी तर दरवर्षी काही दिवस सेवा बंद असते. आधी कळवून, सगळे मिळून गावी जातात. गिऱ्हाईक तेवढे दिवस आपली सोय बघतं.