उलुवातूचा ‘उत्तम हंगाम’ कुणासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया कालपासून चार-पाचदा वाचली. ‘उलुवातूला एप्रिल ते ऑक्टोबर हा उत्तम हंगाम’ हे बालीतल्या या सर्फिंगच्या किनाऱ्यावरच्या माझ्या लेखातलं वाक्य वाचून तुमचा मुलगा जुलैत बालीला गेला, प्रवाळाच्या खडकावर आपटला आणि पायाला टाके पडले. तुमचा राग रास्त आहे. हा हंगाम मुरलेल्या सर्फरसाठी उत्तम, वाळूच्या किनाऱ्यावर शिकलेल्या मुलासाठी नाही, हे मी लिहायलाच हवं होतं. चूक माझी आहे.

तुम्ही पुढे विचारता, पाऊस नाही, वादळ नाही, मग समुद्र एवढा उसळेलच कसा? काका, हा आपल्या कोकणातला हिशेब झाला. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या असतात, कारण दर्या खवळवणारा वारा आपल्याच डोक्यावर घोंघावत असतो. उलुवातूच्या लाटा तिथल्या वाऱ्याने उठतच नाहीत. जून-जुलैत दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला वादळं होतात आणि त्यांनी उठवलेला स्वेल, म्हणजे वारा मागे टाकून दूरवर जाणाऱ्या लाटा, दिवसाला हजारभर किलोमीटर कापत बालीपर्यंत येतो. केरळात कधीकधी वारा पडलेला असताना समुद्र घरात शिरतो. तिथले कोळी त्याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. तोही याच दक्षिणेकडचा पाहुणा.

त्याच महिन्यांत बालीवर आग्नेय व्यापारी वारे वाहतात. उलुवातूच्या कड्यावर ते जमिनीकडून समुद्राकडे येतात, आपल्या मतलई वाऱ्यासारखे, आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतात. वरून पाहणाऱ्याला सगळं शांत, आखीव दिसतं. मुलगा फसला असेल तर इथेच. लाटांच्या अंदाजात नुसती उंची पाहून भागत नाही, दोन लाटांमधले सेकंद पाहावे लागतात. आठ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे १०० मीटर, सोळा सेकंदांची ४०० मीटर. उंची तीच असली तरी दुसरीतून दुप्पट ऊर्जा येते, आणि उथळ खडकावर चढताना ती आणखी उंच होते.

आता तुमची सूचना: ‘नवशिक्यांनी डिसेंबर-जानेवारीत जावं, तेव्हा लाटा लहान असतात, असं लिहा.’ हे मी लिहिणार नाही. लाट साधारण आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात, एक मीटरची सव्वा मीटर पाण्यात. म्हणजे लाट लहान झाली की पडणाऱ्याच्या खालचं पाणीही कमी होतं, आणि प्रवाळ तिथेच असतो. शिवाय त्या महिन्यांत वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. लाट वेडीवाकडी होते, कुठे फुटेल ते कळत नाही. म्हणूनच जाणकार सर्फर याच महिन्यांत, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, उलुवातू सोडून पूर्व किनाऱ्यावर, केरामास किंवा नुसा दुआकडे जातात.

आणि उलुवातूच्या पाण्यातून बाहेर येणं हे वेगळंच प्रकरण आहे. पाण्यात उतरायचं कड्याखालच्या गुहेतून आणि परतायचंही त्याच गुहेत. पाण्याची ओढ मात्र खडकाच्या कडेने पदांग पदांग या शेजारच्या किनाऱ्याच्या बाजूला नेते, म्हणून गुहेच्या बरंच अलीकडे नेम धरायचा. चुकलं तर पुन्हा बाहेर वल्हवत जाऊन वळसा घालायचा, तेही दमलेल्या हातांनी. भरतीला गुहेत पाणी आदळतं, अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला खडक उघडा पडतो. हे बाराही महिने असंच असतं. शिकायचं असेल तर बालीतच कुटा किनाऱ्याची वाळू आहे.

लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे आणि गुहेची माहिती सगळ्यात वर घेतली आहे.

मुलाची जखम अजून ओली आहे असं तुम्ही लिहिलंय. प्रवाळाचे बारीक कण आत राहिले तर टाके घातल्यावरही ती चिघळते. डॉक्टरांना ‘प्रवाळाने कापलंय’ असं स्पष्ट सांगा आणि जखम पुन्हा एकदा तपासून घ्या. कसा आहे तो, तेवढं कळवा.