लुइझियाना खरंच ‘एकरी ३ सेंटला’ मिळाली?

अमेरिकेच्या इतिहासावर हमखास फिरणारा एक मजकूर आहे. थोडक्यात असा: ‘१८०३ साली राष्ट्राध्यक्ष जेफरसनने दूरदृष्टी दाखवून नेपोलियनकडून ८ लाख २८ हजार चौरस मैलांचा लुइझियाना प्रांत फक्त दीड कोटी डॉलरला, म्हणजे एकरी ३ सेंटने, रोख विकत घेतला. एका सहीत देश दुप्पट झाला, रक्ताचा थेंब सांडला नाही, आणि तिथली माणसं रातोरात अमेरिकन झाली.’ खाली ‘जगातला सर्वांत स्वस्त जमीनव्यवहार’ अशी मल्लिनाथी असते. क्षेत्रफळाचा आकडा बरोबर आहे. बाकीचं एकेक घेऊ.

‘दीड कोटी, रोख’

रोख द्यायला पैसे होतेच कुठे? त्या वर्षी केंद्र सरकारचा सगळा महसूल जेमतेम १ कोटी १० लाख डॉलर होता आणि तो मुख्यतः बंदरांवरच्या जकातीतून यायचा. व्हिस्कीवरच्या करासकट अंतर्गत कर जेफरसनच्याच काळात, १८०२ मध्ये, काढून टाकले होते. त्यामुळे व्यवहाराचे दोन भाग केले गेले. पहिला ६ कोटी फ्रँकचा. डॉलरला ५.३३३३ फ्रँक हा दर करारातच लिहिलेला होता, त्या दराने १ कोटी साडेबारा लाख डॉलर होतात. हे नाणं नव्हतं, ६ टक्के व्याजाचे सरकारी रोखे होते. दुसरा भाग २ कोटी फ्रँकचा, म्हणजे साडेसदतीस लाख डॉलर. हे पैसे फ्रान्सला जायचेच नव्हते. फ्रेंचांनी अडवलेली जहाजं, जप्त केलेला माल यांबद्दल अमेरिकी व्यापाऱ्यांचे फ्रान्सवर जे दावे होते, ते अमेरिकेने आपल्या अंगावर घेतले.

रोख्यांची मुद्दल १५ वर्षांनंतर चार वार्षिक हप्त्यांत फेडायची होती. तोवर दर वर्षी ६ लाख ७५ हजार डॉलर व्याज. कागद-पेन्सिल घ्या: १५ वर्षांचं नुसतं व्याज १ कोटी १ लाख २५ हजार. मुद्दल आणि दावे त्यात मिळवले की अटींप्रमाणे आकडा अडीच कोटींच्या पुढे जातो. म्हणजे ३ सेंटवाला भाव पहिल्याच पायरीवर पाच सेंटांच्या घरात पोचला. तरी स्वस्तच, कबूल. पण हा तर हिशेबाचा सोपा भाग झाला.

नेपोलियनला रोख्यांवरचं व्याज मोजत बसायचं नव्हतं, त्याला युद्धासाठी पैसा तातडीने हवा होता. म्हणून लंडनची बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमची होप या पेढ्यांनी ते रोखे दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने उचलले. फ्रान्सच्या हाती ६ कोटींऐवजी सुमारे ५ कोटी २० लाख फ्रँक पडले. गंमत अशी, की मे १८०३ मध्ये ब्रिटन-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलं होतं, आणि ब्रिटनविरुद्धच्या लढाईला लागणारा पैसा उभा करून देणाऱ्यांत लंडनचेच सावकार होते.

‘जेफरसनची दूरदृष्टी’

जेफरसनला हवं होतं न्यू ऑर्लिन्स बंदर, आणि जमलं तर फ्लोरिडाचा भाग. ओहायो आणि टेनेसीकडचा शेतमाल मिसिसिपीतून खाली येऊन याच बंदरात जहाजांवर चढायचा. तिथे माल उतरवून ठेवायची सवलत स्पेनने १७९५ च्या तहात दिली होती. ऑक्टोबर १८०२ मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्याने ती बंद केली आणि पश्चिमेकडचे शेतकरी खवळले. त्याआधी, १८०० च्या गुप्त तहाने, स्पेनने हा प्रांत फ्रान्सला परत द्यायचं ठरवलं होतं, हेही एव्हाना बाहेर फुटलं होतं.

संसदेने वाटाघाटींसाठी २० लाख डॉलर मंजूर केले आणि जेम्स मन्रोला खास दूत म्हणून पॅरिसला धाडलं. तो १२ एप्रिलला पोचला. आदल्याच दिवशी फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेरां याने तिथल्या अमेरिकी राजदूताला, लिव्हिंग्स्टनला, विचारून टाकलं होतं, की सगळाच प्रांत घेतला तर काय द्याल? कल्पना विकणाऱ्याची होती. घेणाऱ्या दोघांनी अधिकाराबाहेर जाऊन होकार दिला. करारावर तारीख पडली ३० एप्रिल १८०३.

जेफरसनचं श्रेय वेगळ्या जागी आहे, आणि ते अवघडही आहे. नवा प्रदेश विकत घेऊन संघात सामील करायचा अधिकार राज्यघटनेत कुठेच लिहिलेला नव्हता. ‘घटनेत जेवढं लिहिलंय तेवढंच’ हा त्याच्या पक्षाचा मूळ बाणा. त्याने घटनादुरुस्तीचे मसुदेही केले. पण मान्यतेची मुदत सहा महिन्यांची, म्हणजे ३० ऑक्टोबरपर्यंतच होती, आणि नेपोलियनचं मन फिरतंय अशी पत्रं पॅरिसहून येत होती. मसुदे बाजूला राहिले. सिनेटने २० ऑक्टोबरला २४ विरुद्ध ७ मतांनी तह मंजूर केला. घटनेचा सैल अर्थ लावता लावता ज्या फेडरलिस्टांची, म्हणजे जेफरसनच्या विरोधी पक्षाची, हयात गेली, ते आता घटनेच्या अक्षरावर बोट ठेवून विरोध करत होते. सत्तेत कोण बसलंय त्यावर घटनेचा अर्थ ठरतो, हे तेव्हाही होतंच.

‘रक्ताचा थेंब सांडला नाही’

नेपोलियनने प्रांत विकला तो सेंट-डोमिंग, म्हणजे आजचं हैती, हातचं गेलं म्हणून. कॅरिबियनमधली साखर-कॉफीची ही वसाहत हे त्याच्या अमेरिकी बेताचं मूळ होतं, लुइझियाना तिला धान्य आणि लाकूड पुरवणार होती. गुलामीतून सुटलेल्या तिथल्या लोकांनी फ्रेंच फौजेशी झुंज दिली, उरलेलं काम पिवळ्या तापाने केलं. सेनापती लक्लेर, म्हणजे नेपोलियनचा मेहुणा, नोव्हेंबर १८०२ मध्ये त्याच तापाने गेला. वसाहतच नाही तर कोठार कशाला? १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. ज्यांच्या लढ्यामुळे अमेरिकेला ही जमीन मिळाली, त्या हैतीशी व्यापार अमेरिकेने १८०६ मध्ये बंद केला आणि मान्यता द्यायला १८६२ उजाडलं.

‘जमीन विकत घेतली’

खरा घोळ इथे आहे. मिसिसिपीपासून रॉकी पर्वतांपर्यंतच्या बहुतेक भागात फ्रान्सचा ना अंमल होता ना वसूल. तिथे ओसेज, सू, पॉनी, मँडन अशी राष्ट्रं नांदत होती. युरोपीय सत्तांच्या आपसांतल्या कायद्यात अशा प्रदेशावर एकच हक्क धरला जायचा: मूळ रहिवाशांकडून जमीन घ्यायची झाली तर ती फक्त आम्हीच घेणार, दुसऱ्या कोणा सत्तेने मध्ये यायचं नाही. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व निकालात मांडलं. फ्रान्सने विकला तो मुख्यतः हा अग्रक्रयाधिकार. साठेखत हातात आलं म्हणून कोणी सातबारा आपला झाला म्हणत नाही.

खरेदी पुढे तुकड्या-तुकड्याने झाली, दोनशेहून जास्त वेळा. एक नमुना पाहा. नोव्हेंबर १८०८ च्या तहात ओसेजांनी आजच्या मिसुरीचा आणि अर्कान्सासचा मोठा भाग सोडला. मोबदला असा: ‘थोरले’ आणि ‘धाकटे’ ओसेज या दोन शाखांना अनुक्रमे ८०० आणि ४०० डॉलर रोख, दर वर्षी अनुक्रमे १००० आणि ५०० डॉलरचा माल, शिवाय लोहार, चक्की आणि नांगर. बोलणी किल्ल्याच्या सावलीत, आणि ‘सही करणार नाही त्याला आमचं संरक्षण नाही’ या दमावर. हा खर्च दीड कोटींत धरलेला नाही. पुढच्या ऐंशी वर्षांतल्या सैन्याचा, किल्ल्यांचा आणि युद्धांचाही नाही.

दुसरा नमुना ब्लॅक हिल्सचा. १८६८ च्या तहाने हे डोंगर सू लोकांसाठी राखले होते. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये संसदेने कायदा करून ते काढून घेतले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ही जमीन योग्य भरपाई न देता घेतली. मूळ रक्कम ठरली १ कोटी ७१ लाख डॉलर, तीही १८७७ च्या भावाने, वर १८७७ पासूनचं ५ टक्के व्याज. म्हणजे ७३ लाख एकरांची, अख्ख्या लुइझियानाच्या दीड टक्क्याहूनही कमी जमिनीची नुसती मुद्दल मजकुरातल्या दीड कोटींच्या वर गेली. सू लोकांनी ते पैसे आजतागायत उचललेले नाहीत. डोंगर परत द्या, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

‘एका सहीत देश दुप्पट’

करारात सीमा आखलेलीच नव्हती. ‘आता स्पेनच्या हातात आहे आणि पूर्वी फ्रान्सच्या हातात होता तेवढा’ अशा अर्थाचं लिहिलं होतं, आणि तो किती यावर स्पेनशी सोळा वर्षं वाद चालला. नकाशावर उत्तरेला दिसणारी ४९ व्या अक्षांशाची सरळ रेघ १८१८ मध्ये ब्रिटनशी ठरली, नैर्ऋत्येची सीमा १८१९ मध्ये स्पेनशी.

‘रातोरात अमेरिकन’

२० डिसेंबर १८०३ ला न्यू ऑर्लिन्सच्या चौकात फ्रेंच झेंडा उतरला. तो चढवून तीनच आठवडे झाले होते, कारण स्पेनने प्रत्यक्ष ताबा ३० नोव्हेंबरलाच दिला होता. कराराच्या तिसऱ्या कलमात रहिवाशांना होईल तितक्या लवकर नागरिकांचे सगळे हक्क द्यायचं वचन होतं. १८०४ च्या कायद्याने मात्र त्यांच्यावर फ्रेंच न येणारा गव्हर्नर, क्लेबोर्न, आणि वरून नेमलेलं तेरा जणांचं मंडळ बसवलं. निवडणूक नाहीच. मळेवाल्यांनी वॉशिंग्टनला लेखी गाऱ्हाणं नेलं. त्यात हक्कांची भाषा होती आणि गुलामांच्या आयातीवरची बंदी उठवा ही मागणीही. १८०५ मध्ये निवडलेलं विधिमंडळ मिळालं. दिवाणी कायदा मात्र त्यांनी सोडला नाही. १८०८ ची संहिता फ्रेंचमध्येच लिहिली गेली, आणि लुइझियानाचा खासगी कायदा आजही इतर राज्यांसारखा इंग्लिश वळणाचा नाही.

पूर्वेकडे तरी या लोकांना आपलं मानलं होतं का? जानेवारी १८११ मध्ये या प्रांताच्या दक्षिण टोकाच्या, न्यू ऑर्लिन्सभोवतीच्या भागाला राज्याचा दर्जा द्यायचा ठराव आला, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या जोसाया क्विन्सीने प्रतिनिधीगृहात बजावलं, की हे झालं तर संघाचं बंधन तुटल्यात जमा आहे आणि वेगळं व्हायचा हक्क राज्यांना मिळेल. ठराव तरीही झाला. ३० एप्रिल १८१२ ला हा भाग लुइझियाना या नावाने अठरावं राज्य म्हणून दाखल झाला, आणि तीन वर्षांच्या आत क्विन्सीच्याच न्यू इंग्लंडचे प्रतिनिधी हार्टफर्डला जमून संघाबद्दलच्या तक्रारी मांडत होते.