कानाडोळा

संगीताचं मासिक काढायचं मनावर घेतलंत? उत्तम. आता पहिलं काम म्हणजे संगीत मनातून काढून टाका. कागदाला आवाज नसतो. नवाकोरा अंक कानाशी धरून पाहा. फार तर शाईचा वास येईल, तोही नाकाला. तेव्हा कानाचं काम डोळ्यावर ढकलायचं. या व्यवहाराला आपल्या भाषेने केव्हाच नाव देऊन ठेवलं आहे, कानाडोळा. भाषा तो शब्द वेगळ्या अर्थाने वापरते हे खरं, पण मुखपृष्ठाला दोन्ही अर्थ लागू पडतात.

ही माझी शक्कल नव्हे, थोरांनी पाडलेली वाट आहे. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत नियतकालिकाचा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा. त्याच्या पहिल्या पानावर बीटल्स या चौघांच्या बँडमधला जॉन लेनन आहे, पण गात नाही, वाजवत नाही, हातात गिटार नाही, बाकीचे तिघे आसपास फिरकलेलेसुद्धा नाहीत. डोक्यावर चक्क सैनिकाचं शिरस्त्राण, कारण छायाचित्र एका सिनेमातलं. आणि सोबतची मुख्य बातमी कशाची, तर मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवाचे पैसे गेले कुठे याची. म्हणजे गायक नटाच्या वेशात आणि संगीत हिशेबाच्या वहीत. एवढ्या भांडवलावर तो गाडा पन्नासहून जास्त वर्षं चालला आहे. तुम्ही का उगाच सारंगीचा फोटो शोधत बसता?

शब्दच बघा ना, मुखपृष्ठ. मुख हवं. वाद्य चालत नाही, वाद्यवृंद तर मुळीच नाही, आणि स्वरलिपी छापलीत तर अंक गणिताच्या कपाटात जाऊन बसेल. (मागच्या पानाला आपल्याकडे मलपृष्ठ म्हणतात आणि जाहिरातदार त्यासाठीच सर्वांत जास्त पैसे मोजतात. यावर मी काही बोलत नाही.)

पण मुख निवडण्याआधी गिऱ्हाईक निवडा. ‘संगीताची आवड असणारे सगळे’ असं म्हणालात तर आत्ताच घरी जा. सगळ्यांसाठी काढलेलं मासिक कुणीच घेत नाही. एकच माणूस डोळ्यांसमोर आणा: वय, कपडे, खोलीचं दार लावून घेतो की उघडं ठेवतो, सगळं. त्याला काय आवडतं हे शोधण्यात वेळ घालवू नका, ते त्यालाही धड माहीत नसतं. तो कशावर नाक मुरडतो ते शोधा. माणसाची आवड वर्षाला बदलते, नावड म्हातारपणापर्यंत साथ देते. मुखपृष्ठ दुरून पाहूनच ‘त्या दुसऱ्या लोकांनी’ तोंड फिरवलं पाहिजे. त्यांनी फिरवलेलं तोंड पाहूनच तर आपला माणूस खिशात हात घालतो.

दणदणाटी रॉकच्या ‘केरँग!’ या ब्रिटिश नियतकालिकाने हे किती छान जमवलं. १९८१ साली ‘साउंड्स’ या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून तो निघाला, पहिल्या मुखपृष्ठावर एसी/डीसी या बँडचा गिटारवाला अँगस यंग. नाव म्हणजे जोरात खाजवलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज, पुढे उद्गारचिन्ह, आणि अक्षरं अशी तडकलेली, जणू कुणी काचेवर दगड मारलाय. कागदातून आजवर निघालेला हाच काय तो आवाज. ज्यांना ही अक्षरं पाहून कानात बोटं घालावीशी वाटतात त्यांच्यासाठी ते नाहीच. त्यांच्यासाठी १९८६ मध्ये ‘क्यू’ आला. मुळात त्याचं नाव रेकॉर्डवर सुई नेमक्या जागी आणून ठेवण्यावरून ठेवायचं होतं. पण इंग्रजीत त्याच उच्चाराचा शब्द स्नूकरच्या काठीलाही आहे, म्हणून लोक खेळाचं मासिक समजतील या भीतीने फक्त एक अक्षर ठेवलं, पांढरं, लाल चौकोनात. वाचक कोण, तर वयाने जरा पुढे गेलेला, सीडी प्लेअर घेतलेला, तेच जुने अल्बम पुन्हा चकचकीत डबीत विकत घेणारा. अशा माणसाला तडकलेली काच दाखवायची नसते. त्याला बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी दाखवायचा असतो. त्यांनी पहिल्याच अंकावर दाखवला.

अवघड संगीताचं मासिक काढणार असाल तर मात्र उलटं करा. कुणालाही ओळखू येणार नाही असा चेहरा घ्या, तोही अर्धा अंधारात. ज्याला ओळखता येईल तो आनंदाने घेईल. ज्याला येणार नाही तो जास्त आनंदाने घेईल, कारण न ओळखता परत ठेवताना शेजारच्याने पाहिलं तर काय घ्या!

आता चेहऱ्याचे नियम. पॉपवाला हसला पाहिजे आणि सगळे दात दिसले पाहिजेत. रॉकवाल्याने हसायचं नाही. त्याला एकच राग येतो, नाकावरचा. जॅझवाल्याचे डोळे मिटलेले हवेत. शास्त्रीय वादकाने वाद्य असं पोटाशी धरावं की कुणी हिसकावून नेणार आहे. बाकी सर्वांनी थेट वाचकाच्या डोळ्यांत बघायचं, उसने पैसे परत मागायला आल्यासारखं. गिऱ्हाईक रॅकसमोरून तीन पावलं पुढे गेलं तरी ती नजर त्याच्या पाठीवर राहिली पाहिजे.

गायिका असेल तर गिटार काढून घ्या आणि पंखा लावा. ती स्वतः लिहिते, स्वतः चाल बांधते, स्टुडिओत रात्रभर बसून स्वतः मिक्सिंग करते ही सगळी माहिती पान ६४ वर द्यावी, बारीक टायपात. मुखपृष्ठावर तिने केस उडवावेत. पुरुषाचं गिटार मात्र राहू द्या, नाहीतर त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

चौघांचा बँड असेल तर गायक पुढे, गिटारवाला त्याच्या खांद्यापाशी, बेसवाला जरा तिरका. ड्रमरला मागे उभं करायचं, कॅमेऱ्याच्या नजरेतून किंचित निसटलेला. उरलेला उजवा खालचा कोपरा बारकोडला लागतो. नियतकालिकांचा बारकोड ९७७ ने सुरू होतो आणि माझा अनुभव असा की तो बरेचदा ड्रमरच्याच अंगावर संपतो. संपादकांना विचारलं तर म्हणतात, जागेचा प्रश्न होता. कुठल्याही बँडमधल्या ड्रमरला विचारा, तो नुसता मान हलवील. तालात.

मासिकाच्या नावाचं काय करायचं? ते वरती, मोठ्या अक्षरांत छापायचं आणि मग त्यावर ताऱ्याचं डोकं आणून ठेवायचं. म्हणजे मासिक म्हणतं, आम्हाला इतके ओळखतात की दोन अक्षरं झाकली तरी बिघडत नाही. नव्या मासिकाने हा थाट केला तर नाव काय ते कळत नाही आणि डोकं कुणाचं तेही. तरी करा. नम्र मासिकं लवकर बंद पडतात. थाट करणारीही पडतात, पण निदान जाताना दिसतात. एवढं मात्र लक्षात ठेवा की रॅकवर अंक एकावर एक सरकवून लावतात आणि बरेचदा डावा तिसरा हिस्साच तेवढा डोकावतो. म्हणून विकणारं सगळं डावीकडे दाटीवाटीने बसवा. उजवीकडे कला चालेल.

मथळे लिहिताना क्रियापदांची उधळपट्टी नको. ‘खास!’, ‘प्रथमच!’, ‘मोफत पोस्टर!’ एवढं पुरतं. मुलाखतीतून वाक्य उचलायचं तर गाण्याबद्दलचं उचलू नका. तो दोन तास नव्या अल्बममधल्या स्वररचनेबद्दल बोलला आणि निघताना दारात उभा राहून म्हणाला, जुन्या मित्राशी आता बोलणं नाही, तर मुखपृष्ठावर दारातलं वाक्य. काहीच मिळालं नाही तर ‘सर्वकाळचे १०० श्रेष्ठ गिटारवादक’. ही यादी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढावी. मेलेले वादक काही नव्याने वाजवत नाहीत, तरी त्यांचे क्रमांक वरखाली होत राहतात, हा चमत्कार फक्त छपाईतच घडतो.

भांडण मिळालं तर सोनंच. १२ ऑगस्ट १९९५ च्या अंकात ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने ब्लर आणि ओएसिस या दोन बँडना मुष्टियुद्धाच्या जाहिरातीसारखं आमनेसामने उभं केलं, हेवीवेट अजिंक्यपदाची लढत म्हणून. दोघांची गाणी दोनच दिवसांनी, एकाच दिवशी बाजारात यायची होती. ब्लरच्या सुमारे २,७४,००० प्रती गेल्या, ओएसिसच्या २,१६,०००. कोणाचं गाणं चांगलं होतं? असले प्रश्न विचारणार असाल तर तुम्हाला मासिक काढता येणार नाही. मुष्टियुद्धात चाल कोण बघतं?

बंडखोर वाचकासाठी एक जालीम उपाय आहे, मासिकाची निंदा मासिकाच्याच मुखपृष्ठावर छापा. १६ एप्रिल १९९२ च्या ‘रोलिंग स्टोन’साठी निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन फोटोला आला तो हाताने लिहिलेला टी-शर्ट घालून. मजकुराचा अर्थ साधारण असा की कंपन्यांची मासिकं अजूनही भिकारच. दुसऱ्या कुणी शर्ट बदलायला लावला असता. त्यांनी तो जसाच्या तसा पहिल्या पानावर छापला आणि अंक विकला. ज्याला व्यवस्थेवर थुंकायचं होतं त्यालाही तो अंक पैसे देऊनच घ्यावा लागला. याला म्हणतात गिऱ्हाईक ओळखणं.

उलट जो पाया पडत येईल त्याला जरा रखडवा. डॉक्टर हूक नावाच्या बँडने याच मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकण्याची इच्छा चक्क गाण्यात गायली. गाणं गाजलं. मासिकाने मार्च १९७३ मध्ये इच्छा पुरवलीही, पण फोटो नाही, व्यंगचित्र. आणि नावाच्या जागी ‘काय बरं यांची नावं’ अशा अर्थाचा मथळा. मला विचाराल तर संगीत मासिकांच्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक मथळा तो.

कुणीच मिळेनासं झालं तर दिवंगत ताऱ्याकडे वळा. तो तारखा बदलत नाही, त्याचा मॅनेजर आडवा येत नाही, वजन वाढत नाही, आणि नवा अल्बम काढून जुन्या चाहत्यांना दुखवत नाही. जुन्या जाणत्या श्रोत्यांसाठी ‘मोजो’ नोव्हेंबर १९९३ मध्ये निघाला, तेव्हा पहिल्या मुखपृष्ठावर बॉब डिलन आणि पुन्हा तोच लेनन. लेननला जाऊन तेरा वर्षं होत आली होती.

लेननचा विषय निघालाच आहे तर एक धोक्याची सूचना. २२ जानेवारी १९८१ च्या ‘रोलिंग स्टोन’चं मुखपृष्ठ शक्यतो पाहू नका. छायाचित्रकार ॲनी लायबोविट्झने ८ डिसेंबर १९८० ला तो फोटो काढला आणि त्याच रात्री लेननचा खून झाला. अंगावर काही नसलेला तो, पूर्ण कपड्यांतल्या बायकोला, योको ओनोला, बिलगून पडलेला. तो आपल्याकडे बघत नाही, त्याचे डोळे मिटलेले आहेत. मासिकाच्या नावाखाली एकही मथळा नाही. ‘खास’ नाही, ‘प्रथमच’ नाही, पोस्टर नाही. माझे वरचे सगळे नियम त्या पानाने मोडले आहेत. २००५ मध्ये अमेरिकी मासिक संपादकांच्या संघटनेने आधीच्या चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून तेच निवडलं. तुमच्या डिझायनरने ते पाहिलं तर तो मथळे काढून टाका म्हणेल, आणि मग वितरकाला काय तोंड दाखवणार? पुढे चला.

संगीत मुखपृष्ठावर कधी आलंच नाही असं मात्र नाही. मध्यंतरी अंकाला सीडी चिकटवून द्यायची पद्धत होती. एवढी एकच वेळ संगीत प्रत्यक्ष मुखपृष्ठावर पोचलं, तेही डिंकाने. सीडी ओढून काढताना ताऱ्याच्या हनुवटीचा तुकडा सोबत यायचा.

फुकट वाटायचा विचार डोक्यात येईल, तोही करून झाला आहे. ‘एनएमई’ सप्टेंबर २०१५ पासून फुकट झाला, पहिल्या फुकट अंकावर रिहाना होती, आणि मार्च २०१८ मध्ये ते छापील साप्ताहिक थांबलं. ‘क्यू’ २०२० मध्ये आटोपला. लाल चौकोन, पांढरं अक्षर, स्नूकरची भीती, सगळ्यासकट.

आज चालतो तो मार्ग वेगळाच आहे. एकाच अंकाची चार मुखपृष्ठं काढा, बँडमधल्या प्रत्येकाला एक. खरा चाहता चारही घेतो, आणि प्लास्टिकचं वेष्टन न फोडता कपाटात उभी करून ठेवतो, कारण फोडलं की किंमत उतरते. आतल्या मजकुरावर खर्च करू नका, पण पानं मात्र घाला. अंक उभा राहायला वजन लागतं. चौथं मुखपृष्ठ न कुरकुरता ड्रमरला देऊन टाका. एकटाच, समोरून, स्पष्ट. फक्त या वेळी मागे लपवायला कुणी नाही आणि बारकोड तर छापायलाच हवा, तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवा, डावा गाल वर कर.